फ्लोअरिंगवाल्यासाठी प्रिव्हेलिंग वेज: ९१४१ मध्ये नक्की काय लिहायचं?

प्रेषक: मिलिंद, एडिसन

मंडळी, नमस्कार.

घाईत लिहितोय. वकीलबाईंना शुक्रवारपर्यंत ९१४१ चा, म्हणजे प्रिव्हेलिंग वेज (त्या भागात त्या कामाला चालू असलेला पगार) मागायच्या फॉर्मचा, मजकूर पाठवायचाय. भाच्याच्या पर्मचं (ग्रीन कार्डाआधीचं लेबर सर्टिफिकेशन) आहे, कोजागिरीला ज्यांच्याशी बोललो त्यांना माहीतच आहे, सांगलीचा ताईचा धाकटा.

मी जॉब टायटल "फ्लोअरिंग इन्स्टॉलर" लिहिलं आणि खाली सगळंच टाकलं. कार्पेट, व्हिनाइल प्लँक, हार्डवूड, टाइल, जुनं उखडणं, सबफ्लोअर सपाट करणं, हेल्परवर देखरेख, हिंदी किंवा गुजराती येणं आवश्यक (आमची निम्मी गिऱ्हाइकं तीच). बाईंचा उलट फोन आला की यातलं नक्की कुठलं काम? म्हणे एवढं सगळं ठेवलंत तर रेट भलताच येईल. मला वाटलं होतं फ्लोअरिंग म्हणजे फ्लोअरिंग. कुणी केलंय का हे?

आणखी एक. आमच्या धंद्यात तासावर नाही, स्क्वेअर फुटावर पैसे देतात. ते चालतं का?

मिलिंद


प्रेषक: वसंतकाका

मिलिंद, यात एवढं घाबरण्यासारखं काही नाही. प्रिव्हेलिंग वेजची कामं मी १९९८ पासून करतोय. राज्याच्या साइटवर तुझ्या काउंटीचा तक्ता असतो, त्यात ट्रेडप्रमाणे ताशी रेट आणि फ्रिंज (विमा, पेन्शन वगैरे) वेगळे दिलेले असतात. तो रेट द्यायचा, दर आठवड्याला सर्टिफाइड पेरोल (सही केलेला पगारपत्रक) भरायचा, झालं. शाळेच्या जिमचं फ्लोअर केलं तेव्हा मी हेच केलं. वकिलाला कशाला पैसे देतोस?

वसंत


प्रेषक: शुभाताई

काका, थांबा. नाव एकच असलं तरी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत आणि मिलिंदने चुकीचा तक्ता उचलला तर त्याचे महिने वाया जातील.

तुम्ही म्हणताय ती सरकारी कामांची प्रिव्हेलिंग वेज. फेडरल पैशाचं, २,००० डॉलरच्या वरचं बांधकाम असेल तर १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा लागतो. न्यू जर्सीचा स्वतःचा कायदा १९६३ चा. तुमची शाळेची जिम त्यात येते.

मिलिंदचं ग्रीन कार्डासाठीचं लेबर सर्टिफिकेशन आहे. तिथे काउंटीचा तक्ता स्वतः बघून आकडा लिहून टाकता येत नाही. ९१४१ फॉर्म फ्लॅगवर (लेबर डिपार्टमेंटच्या ऑनलाइन साइटवर) भरायचा, तो लेबर डिपार्टमेंटच्या नॅशनल प्रिव्हेलिंग वेज सेंटरकडे जातो, आणि ते कामाचं वर्णन वाचून त्या व्यवसायाचा सरकारी कोड ठरवतात. त्या कोडचा, त्या मेट्रो भागाचा रेट ते लेखी देतात. त्याला काही महिने लागतात. म्हणून पहिल्या खेपेलाच नीट लिहायचं.

मिलिंद, आता तुझं उत्तर. "फ्लोअरिंग" असा एक कोड नाहीच. कार्पेटवाले ४७-२०४१. व्हिनाइल, लिनोलियम वगैरे घालणारे ४७-२०४२, आणि त्या कोडच्या नावातच लिहिलंय की कार्पेट, लाकूड आणि कडक टाइल सोडून. घासून पॉलिश करणारे ४७-२०४३. टाइल आणि दगड बसवणारे ४७-२०४४. आणि हार्डवूड? ते यातल्या कशातच नाही. ते सुतारांत, ४७-२०३१ मध्ये, त्या व्याख्येत हार्डवूड फ्लोअर असं स्पष्ट लिहिलंय. तू एका माणसाच्या कामात चार कोड कोंबलेस. असं मिश्रण असलं की त्यातला जास्त पगाराचा कोड लावतात.

देखरेख आणि परकी भाषा दोन्ही खोडून टाक. खरंच लागत असेल तरच ठेव. भाषेची अट घातलीस तर धंद्याला ती का हवी ते सिद्ध करावं लागतं, आणि वर पगाराची लेव्हल चढू शकते.

शुभा


प्रेषक: वसंतकाका

शुभा, मला फरक कळतो. मी एवढंच म्हणत होतो की तक्ता बघितला तर अंदाज येतो. आणि डेव्हिस-बेकनचा रेट इमिग्रेशनमध्येही चालतो, माझ्या ओळखीच्या एकाने वापरलाय.


प्रेषक: शुभाताई

चालतो, पण मालकाने स्वतःहून निवडला तर. सक्ती २००५ च्या नियमांनंतर राहिली नाही. मिलिंदचं काम सगळं लोकांच्या घरांतलं आहे, तो कशाला निवडेल?


प्रेषक: राजेश, पार्सिपनी

लेव्हलचं निघालं म्हणून सांगतो. प्रत्येक कोडला चार लेव्हल. साधारण सतराव्या, चौतिसाव्या, पन्नासाव्या आणि सदुसष्टाव्या पर्सेंटाइलवर. २०२० च्या ऑक्टोबरात ८ तारखेला अचानक नियम आला आणि त्याच चार लेव्हल पंचेचाळीस, बासष्ट, अठ्ठ्याहत्तर आणि पंच्याण्णववर गेल्या. आमच्या ऑफिसातल्या एकाचं नेमकं त्याच महिन्यात आलं. आकडा बघून मालक म्हणाला, हा पगार तर मला स्वतःला मिळत नाही. डिसेंबरात कोर्टाने तो नियम रद्द केला तेव्हा परत सगळं केलं.

आकडे दर वर्षी १ जुलैला बदलतात हेही लक्षात ठेव. हातात आलेला रेट कमीत कमी ९० दिवस आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. तेवढ्यात जाहिराती तरी सुरू व्हायला हव्यात किंवा केस तरी फाइल व्हायला हवी.

राजेश


प्रेषक: खजिनदार

फ्लोअरचा विषय निघालाच आहे तर, गेल्या गणपतीत स्टेजवाल्यांनी हॉलच्या लाकडी फ्लोअरला जी टेप लावली होती ती काढताना फिनिश निघालं. डिपॉझिटमधून कापलेले पैसे अजून मंडळाच्या खात्यात आलेले नाहीत. मिलिंद, तू बघून सांगणार होतास की तेवढाच पट्टा घासून होईल की सगळं घासावं लागेल. हॉलवाले विचारताहेत.


प्रेषक: मिलिंद

शुभाताई, खूप आभार. खजिनदारसाहेब, रविवारी येतो. पट्टा घासला तर रंग वेगळा दिसेल, पण आधी बघू दे.

आता खरं सांगतो. आमचं काम मुख्यतः हार्डवूड आणि व्हिनाइल प्लँक. कार्पेट आम्ही फक्त काढतो, टाइल दुसऱ्याला देतो. पण भाचा सांगलीत तीन वर्षं टाइलच करतोय, मोरबीच्या दोन बाय दोन आणि जिन्याला ग्रॅनाइट. हात इतका साफ आहे की गेल्या डिसेंबरात ताईच्या न्हाणीघरात त्याने ढाळ काढला तो मी उकिडवा बसून बघितला. लेझर नाही, काही नाही. पाण्याची नळी, दोरी आणि थापी. तांब्याभर पाणी ओतलं, सगळं जाळीशी गेलं, कोपऱ्यात थेंब राहिला नाही. म्हणून टाइल लिहिली होती, दोन वर्षांचा अनुभव मागता यावा म्हणून. ती काढली तर त्याचा अनुभव कुठे बसणार?

स्क्वेअर फुटाचं कुणी सांगितलं नाही.

मिलिंद


प्रेषक: शुभाताई

मिलिंद, रागावू नकोस, पण तू भाच्याकडे बघून फॉर्म लिहितोयस. कामाकडे बघून लिही.

हार्डवूडचं काम आहे तर हार्डवूडचं लिहायचं. तुझ्याकडे टाइलचं काम नसताना टाइल लिहिलीस तर ते खोटं आहे, मग अनुभव कितीही खरा असो. शिवाय मला एक सांग, तुझ्याकडे आज जी मुलं आहेत त्यांना घेताना तू दोन वर्षांचा अनुभव मागितला होतास का? नसशील तर इथेही मागता येत नाही. अट म्हणजे तुझी खरोखरची किमान गरज. बाकीच्यांना शिकवून तयार केलंस आणि फक्त या जागेला अट घातलीस तर ती टिकत नाही.

नात्याचंही लिहावं लागेल. ९०८९ मध्ये, म्हणजे पर्मच्या मुख्य अर्जात, मालकाशी नातं आहे का हा प्रश्न आहे, आणि मामा-भाचे हे नातं आहेच. लपवू नकोस. नातं असल्याने केस मरत नाही, फक्त जागा सगळ्यांसाठी खरंच खुली होती हे दाखवावं लागतं. दोन रविवारच्या जाहिराती, राज्याच्या जॉब बँकेत ३० दिवस, आणि येतील त्यांना मनापासून भेटायचं.

स्क्वेअर फूट: देता येतं, पण नुसतं तेच नाही. दर आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला निदान प्रिव्हेलिंग वेजइतके पैसे पडतील अशी हमी तुला द्यावी लागते. समजा रेट ताशी ३० डॉलर आला. ४० तासांचे १,२०० झाले. एखाद्या आठवड्यात स्लॅब ओली निघाली, मॉइश्चर मीटरचा आकडा खाली येईना, तीन दिवस पंखे लावून बसलात आणि फुटांच्या हिशोबाने ७०० च झाले, तर वरचे ५०० तू भरायचे. चांगल्या आठवड्यात जास्त झाले तर ते त्याचे. आणि १०९९ वर (कंत्राटी म्हणून) ठेवायचा विचारही करू नकोस, ही नोकरी आहे.

शुभा


प्रेषक: संजय, काउंटरटॉपवाला

शुभाताई बरोबर बोलताहेत. दोन गोष्टी माझ्या.

एक, वकिलाची आणि जाहिरातींची फी मालकाची. १६ जुलै २००७ पासून पर्मचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही, रोख नाही आणि पगारातून कापूनही नाही. माझ्या मेव्हण्याच्या पगारातून एका कॉन्ट्रॅक्टरने दर पंधरवड्याला कापले, पावतीवर "टूल्स" लिहून. त्याने कधी टूल घेतलंच नव्हतं. दोन वर्षं तो गप्प बसला, कार्ड अडकेल या भीतीने. मिलिंदभाऊ, तुम्ही तसं करणार नाही हे माहीत आहे, पण ताईने प्रेमाने पैसे पाठवले तरी घेऊ नका.

दुसरी, पर्मच्या जागेची नोटीस. सलग दहा कामाचे दिवस दुकानात लावावी लागते आणि तीवर पगार लिहावा लागतो. मी टाइमक्लॉकशेजारी लावली होती. माझ्याकडे इक्वेडोरचा एक जुना कारागीर आहे, सिंकचं कटआउट त्याच्यासारखं कुणी करत नाही. त्याने जेवणाच्या सुट्टीत उभ्या उभ्या ती दोनदा वाचली. काही बोलला नाही. नोटिशीवरचा आकडा त्याच्या पगारापेक्षा जास्त होता, नव्या येणाऱ्या माणसासाठी. कायद्याने पर्ममध्ये मला त्याचा पगार वाढवणं भाग नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. शुक्रवारी वाढवला. तुमच्या मुलांना आज काय देताय ते आधीच काढून ठेवा.

संजय


प्रेषक: वसंतकाका

संजयचं पटलं. शाळेच्या कामांवर मी हेच बघितलंय, शेजारी शेजारी गुडघ्यावर बसलेल्या दोघांचे रेट वेगळे असले की काम बिघडतं. तिथे तक्ता एकच असतो म्हणून भांडण नाही.


प्रेषक: अनघा

सगळे फॉर्मचं बोलताहेत, रांगेचं कुणीच नाही. भारतीयांची ईबी-३ (भाच्याचा ग्रीन कार्डाचा वर्ग) ची तारीख अलीकडे २०१२-१३ च्या आसपासच घुटमळतेय, म्हणजे तेव्हा फाइल केलेल्यांचा नंबर आत्ता लागतोय. आज फाइल केलं तर मुलगा किती वर्षं सांगलीत बसणार ते ताईंना स्पष्ट सांगितलंय का? पगार तो इथे आल्यावर सुरू होतो हे खरं. पण तो पगार द्यायची ऐपत फाइल केलेल्या तारखेपासून कार्ड मिळेपर्यंत दाखवावी लागते. ताशी ३० धरले तर २,०८० तासांचे ६२,४०० डॉलर. टॅक्स रिटर्नवरचा निव्वळ नफा किंवा निव्वळ चालू मालमत्ता तेवढी हवी. छोटे धंदे सगळा खर्च दाखवून नफा शून्यावर आणतात आणि इथे अडकतात. सीपीएशी आत्ताच बोल.


प्रेषक: मिलिंद

सगळ्यांना हात जोडून धन्यवाद.

काल रात्री ताईशी बोललो. रांगेचं ऐकून बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, तोवर तो इथे स्वतःचं काम वाढवेल, तू नाव लावून ठेव. भाच्याशीही बोललो. त्याने एकच विचारलं, "मामा, लाकडाला ढाळ नसतो ना?" म्हटलं नसतो, लाकूड नुसतं सपाट लागतं. वारणेकाठी त्याचा एक मित्र सुतारकाम करतो, त्याच्याकडे संध्याकाळी जायला लागतो म्हणाला.

मजकूर बदलून पाठवला. हार्डवूड आणि व्हिनाइल प्लँक, दोनच. टाइल काढली, देखरेख काढली, भाषा काढली. दोन्ही कोडांत जो जास्त तो लागेल, लागू दे. अनुभवाची अट नाही, कारण माझ्या चारही मुलांना मीच शिकवलंय. म्हणजे ईबी-३ च्या स्किल्डमध्ये (दोन वर्षांच्या अनुभवाच्या जागा) नाही, अदर वर्कर्समध्ये जाईल. नातं लिहिलंय. सीपीएची वेळ मंगळवारची मिळाली.

संजय, तुमची मेल वाचून मुलांच्या पगाराची वही काढली. दोघांचे कमी आहेत. रेट यायची वाट न बघता पुढच्या पेरोलपासून करतोय.

खजिनदारसाहेब, रविवारी अकराला हॉलवर येतो. किल्ली कुणाकडे आहे?

मिलिंद


प्रेषक: खजिनदार

किल्ली वसंतकाकांकडे.