म्हाताऱ्या राखणदाराला कळपातून काढावं का?
दहा वर्षांचा राखणदार कुत्रा आता रात्री उठत नाही, त्याला कळपातून काढून घरात ठेवावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं म्हणणं, एकदम काढू नका. आमचा ग्रेट पिरेनीज (कळप राखणाऱ्या मोठ्या कुत्र्यांची एक जात) जन्मभर मेंढ्यांत झोपलेला. घरात घेतल्यावर त्याने खाणंच टाकलं. मग त्याला गोठ्यालगतच्या लहान आवारात ठेवलं, व्यालेल्या मेंढ्या आणि कोकरांजवळ. तिथे तो पुन्हा जेवायला लागला.

उठत नाही म्हणजे आळस नव्हे, बहुतेकदा सांधे दुखत असतात. एवढ्या मोठ्या जातीची कुत्री साधारण १०-१२ वर्षंच जगतात. पशुवैद्याला दाखवून वेदनाशामक सुरू करा, पण घरातलं आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल स्वतःहून अजिबात देऊ नका, कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. वजन वाढू देऊ नका. आणि पिरेनीज असेल तर मागच्या पायांची आतल्या बाजूची जोडनखं (पंजाच्या वर असलेली दोन जादा नखं) आजच बघा. ती जमिनीला लागत नाहीत, म्हणून झिजत नाहीत आणि वळून मांसात रुततात. आमच्याकडे लंगडण्याचं अर्धं कारण तेच निघालं, आणि ते इतक्या उशिरा कळलं याचं मला अजून वाईट वाटतं.

ऐकू कमी येत असेल तर झोपेत मागून हात लावू नका, दचकतो बिचारा.

नवं पिल्लू आणायचं तर आत्ताच आणा. ते भरवशाचं व्हायला दोनेक वर्षं जातात, आणि कोकरांमागे धावायचं नाही हे म्हातारा एका गुरगुरण्यात शिकवतो. फक्त दोघांना जेवण वेगवेगळं द्या. म्हातारा सावकाश खातो.