ट्रॅकिओस्टॉमी: रात्रीत आतली नळी सुकून चिकटते, मदत हवी आहे

माझ्या बाबांना ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला छिद्र करून श्वासनलिकेत बसवलेली नळी) आहे आणि ती आता कायमची राहणार आहे. व्हेंटिलेटर नाही, श्वास ते स्वतःच घेतात. नळी प्लास्टिकची, दुहेरी, फुगा नसलेली. आतली नळी काढून धुता येते. दिवसा फारशी अडचण येत नाही. आतली नळी तीनदा धुते, मध्ये खरखर वाढली तर सक्शन करते (यंत्राने बेडका ओढून काढते). पण सकाळी उठल्यावर श्वासाला शिट्टीसारखा आवाज असतो आणि आतली नळी काढली की तिच्या टोकाला बेडका वाळून घट्ट बसलेला दिसतो. सक्शनमध्ये अधूनमधून गुलाबी छटाही येते. ताप नाही, ऑक्सिजन नेहमीइतकाच आहे.

एका नर्सने सांगितले की दर सक्शनआधी सलाइनचे थेंब नळीत सोडा, दुसरीने निक्षून सांगितले की अजिबात सोडू नका. बाबांना बोलता येत नाही, त्यामुळे काय सोसत नाही ते चेहऱ्यावरूनच ओळखावे लागते. त्यांना उगाच त्रास व्हायला नको आहे. शिवाय नळीच्या खालच्या बाजूची कातडी ओलसर, लालसर राहते. ज्यांनी घरी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

ताई, मी आयसीयूत नर्स आहे. मला तुमचा प्रश्न धुण्यापेक्षा ओलाव्याचा वाटतो. नाक हवा गरम आणि दमट करते. गळ्यातून थेट जाणारी हवा कोरडीच आत जाते आणि बेडका वाळतो. नळीवर बसणारा एचएमई फिल्टर मिळतो, तो बाहेर पडणाऱ्या श्वासातला ओलावा धरून ठेवतो. बेडका फार येत असेल किंवा त्यात रक्त असेल तर तो चालत नाही, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. झोपण्यापूर्वी साध्या ०.९ टक्के सलाइनचे नेब्युलायझेशन द्यावे का, हेही विचारा. बाबांच्या पोटात दिवसभरात पाणी किती जाते तेही पाहा. ते कमी पडले तरी बेडका घट्ट होतो.

थेंबांबद्दल दुसरी नर्स बरोबर आहे. दर वेळी सलाइन सोडल्याने ठसका लागतो, ऑक्सिजन उतरू शकतो आणि नळीतले जंतू खाली ढकलले जातात.

गुलाबी छटा बहुतेक वेळा कॅथेटरचे (सक्शनच्या बारीक नळीचे) टोक श्वासनलिकेला घासल्याने येते. तशाच मापाची सुटी नळी घ्या, कॅथेटर तिच्या टोकाच्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर बाहेर येईल इतका घाला आणि तिथे खूण करा. सक्शन करताना त्या खुणेपुढे जायचे नाही. कॅथेटर आत जाताना ओढ बंद, बाहेर काढतानाच चालू, आणि सगळे मिळून १० सेकंदांच्या आत. कॅथेटरची जाडी नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको: ७ मिमीच्या नळीला १० फ्रेंच (कॅथेटरच्या जाडीचे माप) पुरतो. सक्शनचा दाब १५० मिमी पाऱ्याच्या वर नेऊ नका. आणि घड्याळ लावून सक्शन नको. आधी बाबांना खोकू द्या, बेडका वर आला तर तेवढाच पुसून घ्या.

लालभडक रक्त आले, किंवा आतली नळी काढूनही कॅथेटर पुढे सरकत नसेल, तर वाट पाहू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा.

प्रतिसाद २

आईचे मी बरीच वर्षे करतो आहे. आमच्याकडे दोन आतल्या नळ्या आहेत. एक काढली की धुतलेली लगेच बसवायची, मग काढलेली निवांत ब्रशने घासायची, सलाइनमध्ये खळबळायची, झटकायची आणि उजेडाकडे धरून आरपार पाहायची. हायड्रोजन पेरॉक्साइड नळीच्या कंपनीने चालते म्हटले असेल तरच वापरा.

कातडीसाठी कापसाच्या गॉजला कात्री लावू नका, सुटे धागे श्वासाबरोबर आत जातात. आधीच चीर दिलेले ड्रेसिंग मिळते, ते ओले झाले की बदला. पावडर तर मुळीच नको. नळी मानेला बांधणारी पट्टी आणि मान यांच्यामध्ये एक बोट जाईल इतकीच सैल ठेवा. ती बदलायला दोघे जण लागतातच: एकाने नळी धरून ठेवायची, दुसऱ्याने पट्टी बदलायची. छिद्राच्या कडेला लाल, ओला मांसाचा उंचवटा दिसला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सुटी नळी आहे, आजच मोजून खूण करते. एक भीती मात्र आहे. रात्री घरात मी एकटीच असते. नळीच निघून आली तर?

प्रतिसाद १

उशाशी एक पिशवी कायम भरलेली असू द्या: त्याच मापाची एक नळी, एक माप लहान दुसरी, ऑब्ट्युरेटर (नळी आत घालताना तिच्यात ठेवायची गोल टोकाची दांडी), जेली, पट्टी, टॉर्च आणि अ‍ॅम्ब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी). नळी कशी बसवायची ते डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने करून शिकून घ्या, नुसते पाहून येऊ नका. आणि एक गोष्ट डॉक्टरांकडून लिहून घ्या: बाबांचा तोंडाकडून फुप्फुसाकडे जाणारा मार्ग उघडा आहे का? स्वरयंत्र काढलेले असेल तर ऑक्सिजन फक्त गळ्यावरच द्यावा लागतो, तोंडावर मास्क लावून काही उपयोग नसतो. मार्ग उघडा असेल तर दोन्हीकडून देतात. हे मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवा, कारण रात्री धावत आलेल्या माणसाला ते माहीत नसेल.