चाळिशीनंतर आयकिडो: गुडघा, लोळण आणि बाकी शंका

अबोली_४४:
नमस्कार मंडळी. पतसंस्थेत काउंटरवर बसते, दिवसाचे आठ तास खुर्ची. लेकीला बॅडमिंटनला सोडते त्याच शाळेच्या हॉलमध्ये मंगळवार-गुरुवारी आयकिडो या जपानी युद्धकलेचा वर्ग असतो. दीड महिना पायरीवर बसून बघतेय. परवा सेन्सेईंनीच (म्हणजे तिथल्या सरांनी) विचारलं, "ताई, आत कधी येताय?" तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. घरी विषय काढला तर नवरा म्हणाला "कर की", सासूबाई म्हणाल्या "हाडं मोडून घे". मालिका चालू होती, त्यामुळे दोघांनीही मान वर केली नाही.

डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. शेवटची कोलांटउडी चौथीत मारली होती. मंगळसूत्राचं काय करतात? आणि खरं सांगा, हे लोक खरंच पडतात की ठरवून पडतात? बघताना तरी संगनमत वाटतं.

टवाळ_गोट्या:
थकबाकीदारांवर सराव करा, ताई. वसुली वाढेल.

जुनी_चटई:
गोट्या, गप.

अबोलीताई, मी ४६व्या वर्षी सुरू केलं, आता ५३. गुडघ्याचं आधी. सेइझा म्हणजे आपलं वज्रासन. त्यात बसूनच नमस्कार होतो आणि काही तंत्रंही गुडघ्यांवर सरकत करतात, त्या सरकण्याला शिक्को म्हणतात. पहिल्याच दिवशी सांगून टाका की गुडघा दुखतो, मांडी घालून बसते. मी ऐटीत सांगितलं नाही. तिसऱ्या आठवड्यात गुडघा नारळाएवढा.

आता लोळण. तिला उकेमी म्हणतात आणि ती कोलांटउडी नव्हे. कोलांटउडीत डोकं खाली आणि कणा सरळ रेषेत जातो. इथे डोकं चटईला लागतच नाही. करंगळीच्या कडेने सुरुवात, मग कोपर, खांदा, आणि तिथून पाठीवरून तिरकं पलीकडच्या कुल्ल्यापर्यंत. थोडक्यात, जानवं जसं जातं तसं. हनुवटी आत, नजर पट्ट्याच्या गाठीवर. लहान मुलं पहिल्याच तासाला करतात, कारण ती श्वास धरून ठेवत नाहीत. मी दोन महिने खांद्याच्या टोकावर आपटत होतो. तिथे जांभळं-हिरवं-पिवळं असं सगळं होऊन गेलं. उभ्याने लोळायची घाई करू नका, गुडघा टेकून सुरू करा.

संगनमताची शंका रास्त आहे. एक जण हल्ला करतो, तोच पडतो; चार वेळा झालं की भूमिका बदलतात. कोतेगाएशीत मनगट बाहेरच्या बाजूला पिळलं जातं, तेव्हा पडणारा मनगट वाचवायला पडतो. पण नवख्याबरोबर जुने लोक थोडं सांभाळून घेतात, हेही खरं. संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांना स्पर्धा मान्य नव्हती, म्हणून बहुतेक ठिकाणी सामने नसतात. त्यांचे शिष्य केंजी तोमिकी यांच्या शाखेत मात्र असतात. सहा महिन्यांत रस्त्यावर कुणाला लोळवाल अशा भ्रमात राहू नका. माझा सात वर्षांतला एकमेव प्रत्यक्ष उपयोग म्हणजे गावच्या मागीलदारी शेवाळलेल्या शहाबादीवर मागे गेलो, हनुवटी आपोआप आत गेली, डोकं वाचलं. बूड आठवडाभर दुखलं.

मोगऱ्याचा_गजरा:
मंगळसूत्र, अंगठी, बांगड्या, कानातलं सगळं काढायचं. साखळी समोरच्याच्या बोटात अडकली तर त्याचंही बोट जातं. केसांना रबरबँड, धातूची क्लिप नको. नखं कापलेली, पायाचीसुद्धा. जोडणीच्या फोमच्या चटया असतील तर त्यांच्या फटीत करंगळी अडकते, लक्ष असू द्या.

गी म्हणजे सरावाचा पोशाख लगेच घेऊ नका, महिनाभर ट्रॅकपँट चालते. घ्याल तेव्हा ज्युडोचा जाड घ्या. कराटेचा पातळ असतो, लोकांनी सारखं धरून ओढल्यावर खांद्यात उसवतो. आणि एक माप मोठा, सुती कापड आटतं.

एकच कडू अनुभव. मी आधी जिथे जायचे तिथला एक सीनियर नव्या बायकांची मनगटं जरा जास्तच पिळायचा. दुखलं की चटईवर थाप मारायची, समोरच्याने तत्क्षणी सोडायचं, हा नियम. तो एक क्षण उशिरा सोडायचा. मी तिसऱ्यांदा थाप मारली आणि चपला घालून घरी आले. पायरीवर बसताच आहात तर तेवढं बघा: थाप पडल्यावर किती पटकन सोडतात.

अबोली_४४:
बघितलं. थापेचा आवाज यायच्या आत सोडतात. गुरुवारी आत गेले.

गुडघ्याचं सांगितलं, सेन्सेई "हो हो" म्हणाले आणि मला भिंतीकडेला मांडी घालून बसवलं. तासभर फक्त मागे लोळणं. निघाले एकीकडे, थांबले दुसऱ्याच भिंतीकडे तोंड करून. गोट्या असता तर खूश झाला असता. चौदाव्या की पंधराव्या वेळी एकदा काही न आपटता गेले, आवाजसुद्धा नाही झाला, आणि नेमकं तेव्हा कुणीही बघत नव्हतं.

मंगळसूत्र लेकीच्या हातात दिलं होतं. बाहेर आले तर पोरीने हरवायला नको म्हणून ते गळ्यात घातलेलं आणि रॅकेट घेऊन कोर्टवर उभी. बॅडमिंटनच्या सरांना काय बोलावं कळेना.