वणवा मार्चमध्ये विझवायचा की जानेवारीतच अडवायचा? खानापूर-जांबोटी पट्ट्याबद्दल

मलप्रभाकाठ:

शिमगा जवळ आला की कर्नाटकातल्या आपल्या खानापूर तालुक्यात (बेळगाव जिल्हा) डोंगर पेटायला लागतात आणि ठरलेलं भांडण सुरू होतं. फॉरेस्टवाले म्हणतात गावकऱ्यांनी लावली, गावकरी म्हणतात फॉरेस्टवाले वेळेवर आले नाहीत. या भांडणात मूळ मुद्दा राहून जातो. आग कोणीही लावो, ती पसरते वाळलेल्या गवतामुळं आणि पाचोळ्यामुळं. ते गवत दिवाळीनंतर आपल्या डोळ्यांसमोर वाळत असतं. माझं ठाम मत आहे की वणव्यासाठीचा पैसा आणि माणसं डिसेंबर-जानेवारीतच कामाला लागली पाहिजेत, आणि हे काम जंगलालगतच्या गावांना रोख मजुरीवर द्यायला हवं.

एकदा वाऱ्यानं आग उचलली की माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही. ८ नोव्हेंबर २०१८ ला कॅलिफोर्नियात विजेच्या जुन्या लाईनमुळं आग लागली आणि काही तासांत पॅरडाइज नावाचं अख्खं गाव जळालं. ८५ माणसं गेली, १८ हजारांवर इमारती गेल्या, बाहेर पडायचे रस्ते गाड्यांनी तुंबले. तिथं विमानं, बंब, प्रशिक्षित जवान सगळं होतं. आपलं जंगल तसं नाही, मान्य. इथं आग बहुतेक जमिनीलगत चालते, शेंड्याला क्वचित जाते. पण जांबोटी रस्त्याला गेल्या काही वर्षांत फार्महाऊस आणि रिसॉर्ट किती झाले बघा. घरामागं गवत, गवतामागं रानमोडीचं तण, त्यामागं जंगल, आणि गावात जाणारा रस्ता बहुतेक एकच.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्याच राज्यात बंदीपूरला चार हजार हेक्टरांहून जास्त जंगल जळालं. हवाई दलाची हेलिकॉप्टरं आली, पण तोवर वाळलेल्या टणटणीच्या (घाणेरीच्या) झुडपांनी आग डोंगरभर पसरवली होती. तीच टणटणी आणि रानमोडी आज आपल्याकडं उभी आहे.

सह्यवाट:

तुमच्या मांडणीत आग लावणारा सुटतो, आणि मला तेच पटत नाही. आपल्याकडं वीज पडते ती वळवाच्या पावसाबरोबर, आणि तो पाऊसच आग विझवतो. फेब्रुवारी-मार्चमधली आग म्हणजे माणसाचं काम. कोणी भाताच्या तरव्यासाठी (रोपांसाठी) जमीन भाजतो, कोणी बांध जाळतो, कोणी गुरांना कोवळं गवत फुटावं म्हणून सडा, म्हणजे डोंगरावरचं गवताळ पठार, पेटवतो, कोणी मधासाठी धूर करतो, कोणी शिकारीसाठी जनावर उठवतो. पर्यटकांच्या चुली आणि सिगारेटी वेगळ्याच. कर्नाटक वन कायदा १९६३ चा आहे. वनात आग लावणं गुन्हा आहे, पण शिक्षा झालेला माणूस तुम्ही कधी पाहिलात? आधी दोन-चार जणांवर नीट खटले चालवा. मजुरी देऊन गवत कापायला लावलं आणि काडी लावणारा मोकळाच राहिला, तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

नंदगडची लेक:

सह्यवाट दादा, खटल्याच्या भीतीनं काय होतं ते गावात राहून बघा. डोंगरावर धूर दिसला तर आधी फोन करणाऱ्यालाच विचारतात, तू तिथं काय करत होतास? मग पंचनाम्याला सही, मग स्टेशनच्या चकरा. म्हणून माणसं धूर बघतात आणि गप्प बसतात. पहिला अर्धा तास त्यातच जातो, आणि आग हातानं विझते ती त्याच अर्ध्या तासात.

आणि नुकसान कोणाचं होतं? आमच्या नात्यातल्या घरची काजूची बाग जंगलाला लागून आहे. काजू धरायच्या वेळेलाच खालनं आग आली. काजूचं झाड एका वर्षात परत येत नाही. भरपाईसाठी अर्ज केला तर आग कुठनं आली याचा पुरावा मागितला. करवंदं, जांभळं, शिकेकाई, हिरडा गोळा करून चार पैसे करणाऱ्या बायांचा तर हिशेबच नाही. ज्याचं सगळ्यात जास्त जळतं त्यालाच आरोपी धरून जंगल वाचणार आहे का?

पानगळ:

मला दोघांचंही थोडं खोडायचं आहे. बातम्यांत सगळ्याला मिळून "खानापूरचं जंगल" म्हणतात, पण ते एक नाही. कणकुंबी, आमगाव, भीमगडच्या बाजूला सदाहरित आणि निमसदाहरित रान आहे, पाऊस प्रचंड. पूर्वेला नंदगडकडं पानगळीचं. पानगळीच्या रानातली जून झाडं जाड सालीमुळं जमिनीलगतची आग बऱ्यापैकी सोसतात. सदाहरित रानातली झाडं पातळ सालीची. तिथं हलकी आग गेली तरी बुंधा भाजतो, रोपं मरतात, उघड्या पडलेल्या जागेवर रानमोडी येते, आणि तीच वाळून पुढच्या आगीचं सरपण होते. हे चक्र एकदा सुरू झालं की जंगल मागं मागं सरकत जातं.

काही मंडळी दक्षिण कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगराचं उदाहरण देतात. तिथले सोलिगा आदिवासी पूर्वी हंगामाच्या सुरुवातीलाच पाचोळा हलका जाळायचे. १९७४ मध्ये अभयारण्य झाल्यावर ते बंद झालं आणि पुढं टणटणी माजली. उदाहरण खरं आहे, पण ते कोरड्या पानगळीच्या रानाचं आहे. ते उचलून कणकुंबीत लावू नका. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये झालं, जवळपास १९० चौरस किलोमीटर. बारापेडे गुहेतल्या दुर्मीळ वटवाघळांसाठी ते जगात ओळखलं जातं. म्हादई आणि मलप्रभा याच डोंगरात उगम पावतात. तिथं मुद्दाम काडी लावायला माझा पूर्ण विरोध आहे.

मलप्रभाकाठ:

पानगळ सर, मी जाळा म्हटलेलंच नाही. कापा आणि उचला म्हणतोय. रस्त्याच्या दोन्ही कडा, विजेच्या तारांखालची पट्टी, काजूच्या बागा आणि जंगल यांच्यामधली हद्द, गावठाणाची वरची बाजू. कापलेलं गवत गावातल्या गुरांना जाऊ दे. अकेशियाच्या लागवडीखाली पाचोळ्याचा जाड थर साठतो, लवकर कुजत नाही. तो तरी बाहेर काढायला कोणाची हरकत आहे?

तुमच्या नदीच्या मुद्द्यात आणखी एक जोडतो. जळालेल्या उतारावर जूनचा पहिला पाऊस पडला की राख आणि माती थेट ओढ्यात उतरते. मलप्रभेचं पाणी खाली सौंदत्तीच्या धरणापर्यंत जातं, म्हणून हा प्रश्न फक्त खानापूरकरांचा नाही.

जुना वॉचर:

मी फायर वॉचर म्हणून काम केलंय, तेव्हा बोलतो. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून मोकळी ठेवलेली पट्टी, कागदावर असते तेवढी रुंद रानात नसते. जानेवारीत साफ केलेल्या रेषेवर मार्चपर्यंत परत पाला पडतो. पानगळ तर तेव्हाच जोरात असते की. म्हणून एकदा कापून भागत नाही, परत परत झाडावं लागतं. पैसे एकदाच सुटतात.

आग चढावर पळते, उतारावर रांगते. दुपारी कोकणाकडनं वारा सुटला की चोर्ल्याच्या कड्यावर समोर उभं राहायचं नाही, जीव जातो. संध्याकाळी वारा पडला की हिरवे डहाळे घेऊन बाजूनं, जळालेल्या अंगानं जायचं. पाला उडवायचा ब्लोअर चांगला, पण पेट्रोल आणि यंत्र पाठीवर घेऊन चढणार कोण? जोडीला पाणी नाही, बूट नाहीत.

आग लागली की उपग्रहाचा मेसेज येतो म्हणून सगळे निर्धास्त असतात. उपग्रह दिवसातनं काही ठरावीक वेळाच वरनं जातो. त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा, जुन्या उपग्रहाचा तर एक किलोमीटरचा. मेसेज गार्डच्या फोनवर येईपर्यंत, आणि त्यालाही भीमगडात रेंज असली तर, आग टेकडी ओलांडून गेलेली असते. डोंगरावर बसलेला माणूस धूर आधी बघतो. त्याला पगार द्या, तोही मे संपेपर्यंत.

बेळगाव कॅम्प:

एवढं सगळं करण्यापेक्षा सरकारनं उन्हाळ्यापुरतं एक हेलिकॉप्टर सांबऱ्याच्या विमानतळावर ठेवावं. मार्च २०२३ मध्ये गोव्यात म्हादई अभयारण्य पेटलं तेव्हा नौदल आणि हवाई दल आलंच ना?

जुना वॉचर:

आलं. पण दाट रानात वरनं टाकलेलं पाणी पहिल्यांदा पानांवर पडतं. खाली ओंडका धुमसत राहतो, दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं परत पेटतो. शेवटी माणूस खाली जाऊन राख उलथी करतोच. हेलिकॉप्टर नको असं नाही, कड्याकपारीत त्याचा उपयोग हाय. पण आधी बूट द्या.

चंदगडी:

म्हादईचा विषय निघाला म्हणून लिहितो. ते अभयारण्य आणि भीमगड एकमेकांना लागून आहेत. आमचा चंदगड तालुका महाराष्ट्रात, तुमचा खानापूर कर्नाटकात, घाटाखाली गोवा. सीमेच्या वादावर आपण पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलोय. पण तिलारीकडं धूर दिसला तर पलीकडच्या वनरक्षकाचा नंबर कोणाकडं असतो? तिन्ही राज्यांच्या वनखात्यांनी फेब्रुवारीआधी एकत्र बसून कुठली जाळरेषा कोण राखणार हे ठरवावं. हद्दीचा दगड आहे म्हणून दोन्ही बाजूंनी सोडून दिलेली पट्टी मी स्वतः बघितली आहे.

सह्यवाट:

चंदगडीचं म्हणणं मान्य. मूळ मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत कुरंगणीला ट्रेकर वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक माणसं गेली. तरी आपल्याकडं भर उन्हाळ्यात सड्यावर तंबू लागतात, शेकोट्या पेटतात. फेब्रुवारी ते मे डोंगरावर मुक्काम बंद, आणि मोडणाऱ्यावर गुन्हा. यालाही तुमचा विरोध आहे का?

नंदगडची लेक:

बाहेरनं येऊन शेकोटी करणाऱ्यावर करा की गुन्हा, कोण अडवतंय? पण तरवा भाजणाऱ्या शेतकऱ्याला त्याच यादीत घालू नका. तो आपल्या शेतात, पोट भरण्यासाठी भाजतो. त्याला वेळ ठरवून द्या. सकाळी वारा नसताना, शेजारी दोन माणसं आणि पाण्याची घागर ठेवून, पंचायतीला आधी सांगून भाजायचं. सांगून भाजणाऱ्याला त्रास होणार नाही एवढं लेखी द्या.

मलप्रभाकाठ:

हे मला करण्यासारखं वाटतं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरावात घ्यायला कोणाचीही परवानगी लागत नाही: भाजणीच्या तारखा, हद्दीवरचं गवत कोण कापणार, आणि धूर दिसल्यावर पहिला फोन कोणाला. मजुरीचा प्रश्न वनखात्याकडं लावून धरावा लागेल. आमच्या गावात मी हा विषय मांडणार आहे.

सह्यवाट:

मांडा. पण ठरावात चौथी ओळ घाला. न सांगता पेटवणाऱ्याचं नाव पंचायतच कळवेल. ती ओळ असेल तर माझा पाठिंबा, नाहीतर नाही.

नंदगडची लेक:

ती ओळ आली की पहिल्या वर्षी कोणी तारीखच सांगायला येणार नाही, दादा. आधी दोन उन्हाळे विश्वास बसू दे, मग घाला.