गोळ्या जुळतात, व्हायरल लोड उतरत नाही

प्रश्न: टीएलडी (टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर असलेली एचआयव्हीची एकत्रित गोळी) घेणाऱ्या रुग्णाच्या उरलेल्या गोळ्यांचा हिशेब जुळतो, तरी व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दर मिलिलिटर 1000 प्रतींच्या वर. औषध खरंच पोटात जातंय का, स्वस्तात कसं तपासायचं?

उत्तर 1: लघवीची टेनोफोविर पट्टी. निकाल मिनिटांत. पण ती शेवटच्या काही दिवसांचंच सांगते. आदल्या दिवशीची एक गोळीही तिला पुरते.

उत्तर 2: म्हणून सुकवलेला रक्ताचा ठिपका बरा. तांबड्या पेशींतल्या टेनोफोविर-डायफॉस्फेटचं (टेनोफोविरचं शरीरात बनणारं रूप) अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायचा काळ, सुमारे 17 दिवस, म्हणजे मागच्या कित्येक आठवड्यांचा अंदाज येतो. कार्ड सावलीत पूर्ण वाळवा, शोषक पुडीसह बंद करून गोठवा. उकाड्यात पडून राहिलं तर पातळी खोटीच कमी दिसते. पातळी मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर हे प्रयोगशाळेतलं यंत्र मात्र लागतं.

उत्तर 3: आधी रिफाम्पिसिन हे क्षयरोगाचं औषध चालू आहे का बघा, ते डोल्युटेग्राविरची पातळी घटवतं. असेल तर डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा हवं. टेनोफोविर भरपूर दिसूनही डोल्युटेग्राविर कमी पडू शकतं. आणि रागावून विचारू नका, रुग्ण चुकलेले डोस लपवतो.