शाळा सुटली ती कशी, परत नेलं कोणी? (अनुभव धागा)

पहिलीत बहुतेक सगळीच मुलं येतात. 1 एप्रिल 2010 ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला, 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी शाळा मोफत आणि हक्काची झाली. गळती लागते ती पुढे. गावातली शाळा चौथीला किंवा सातवीला संपते तिथे, दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा, आणि नववीत. नाव पटावर राहतं, मूल मात्र दिसत नाही.

कारण विचारलं की 'गरिबी' म्हणून आपण मोकळे होतो. पण तेवढ्याच गरिबीत एका घरातलं मूल शिकतं आणि शेजारच्या घरातलं सुटतं. म्हणून इथे नेमकं लिहा. शाळा कितवीत सुटली, त्या दिवसांत घरात काय चाललं होतं, विचारायला कोण आलं, कशाने जमलं किंवा जमलं नाही. शाळेचं आणि माणसांचं नाव नको.

ऊसतोड कामगाराची मुलगी, बीड जिल्हा, आता नर्स

दिवाळी झाली की आमच्या वडवणी भागातली गावं ओस पडतात. मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्याकडून, घेतलेली उचल (आगाऊ पैसे) लग्नात नाहीतर दवाखान्यात संपलेली असते, ती फिटेपर्यंत कारखाना सुटत नाही. मजुरीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मी चौथीपर्यंत आजीजवळ राहिले. आजी वारली आणि त्या साली मीही ट्रकमध्ये बसले.

फडात मला ऊस तोडायला कोणी सांगितलं नाही. आई अंधारातच फडात जायची. मागे धाकट्या भावाला सांभाळणं, पाणी आणणं, भाकरी थापणं माझ्याकडे. कोपीवरचं (फडाजवळच्या झोपडीतलं) हे काम कुठल्याच हजेरीत लागत नाही, म्हणून ते कोणाला काम वाटत नाही.

गुढीपाडव्याच्या पुढे-मागे परत आलो. नापास कोणी केलं नाही, पुढच्या वर्गात घातलं. पण वर्गातल्या सगळ्यांना भागाकार येत होता आणि मला फळ्यावरचं काहीच उमगत नव्हतं. अधूनमधून शाळा बुडवणाऱ्या मुलापेक्षा वर्गात बसून काही न कळणारं मूल लवकर शाळा टाकतं, हे मी अंगावर काढलंय. पुढच्या दिवाळीला मीच आईला म्हणाले, मी पण येते.

आमच्या बाई घरी आल्या. शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही बोलल्या नाहीत. आईला एवढंच विचारलं, "हिला इथे ठेवली तर लहान्याकडं कोण बघंल?" हे तोवर कोणी विचारलंच नव्हतं. मग चुलतीशी बोलणं झालं. भाऊ तिच्याकडे, माझं दोन वेळचं जेवण शाळेच्या हंगामी वसतिगृहात, झोपायला चुलतीकडे. फडावरून आलेल्या आम्हा पोरांना बाईंनी शाळा सुटल्यावर वेगळं बसवलं. चौथीचा भागाकार मी सहावीत शिकले. तिथून पुढे मला कोणी ढकलावं लागलं नाही.

जिल्हा परिषद शिक्षक, मराठवाडा

वरच्या ताईंनी हंगामी वसतिगृहाचं लिहिलं, त्याला जोडून. योजना चांगली आहे. मूल गावातच नातेवाइकांकडे राहतं, दुपारी शाळेचा पोषण आहार, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीमार्फत. अडतं ते वेळेपाशी. टोळी दिवाळीला निघते आणि मंजुरी त्यानंतर येते. ट्रकमध्ये बसलेलं मूल मंजुरीच्या कागदाने खाली उतरत नाही.

त्यामुळे आम्ही मंजुरीची वाट बघत नाही. दसऱ्याच्या आधीच घरोघर जाऊन यादी करतो. कोण कोणत्या कारखान्याला जाणार, मुकादम कोण, फोन कोणाकडे असतो, आजी-आजोबा धडधाकट आहेत का. समितीतली मंडळी सुरुवातीचं धान्य गोळा करतात. जी मुलं तरीही जातात, त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेने त्यांना वर्गात घ्यावं. कार्ड पिशवीच्या तळाशी राहतं हेही खरं. तिथल्या मुख्याध्यापकांना मी स्वतः फोन केला तरच मूल वर्गात बसतं. हे काम प्रत्येक तालुक्यात कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवायला हवं, शिक्षकाच्या कळवळ्यावर सोडायला नको.

एक आई, हिंगोली जिल्हा

गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे पोरींना एसटीचा पास फुकट आहे, पण शाळा सुटून बस यायची ती थंडीत अंधार पडल्यावर. फाट्यावर पोरी एकट्या उभ्या. एकीच्या बापाने बंद केलं, मग दुसरीच्या, अशी सगळी गल्लीच बंद. आम्ही बायांनी ग्रामसभेत ठराव घेतला आणि सरपंचाला घेऊन आगारात गेलो. मानव विकास योजनेतल्या, शाळकरी मुलींसाठीच्या निळ्या बसची वेळ शाळेच्या घंटेला जुळवून घेतली. पोरी परत जायला लागल्या.

नववीत सोडलेला, मुंबई, आता वायरमन

कारण गणित. आठवीपर्यंत सगळे पुढे जात होतो, नववीत तीन विषय उडाले. सरांनी वडिलांना बोलावून सांगितलं, याचा दाखला घेऊन जा, आमचा दहावीचा निकाल खराब होईल. वडील गोदीत हमाल, त्यांनी काही न बोलता सही केली. मला त्यांच्या मानेकडे बघवत नव्हतं.

चार वर्षं दुकानात काम केलं. मालकाचा मुलगा रात्रशाळेत शिकवायचा, त्याने ओढून नेलं. सगळे कामावरून आलेले, कोणी डबेवाला, कोणी वॉचमन. तिथल्या सरांनी पहिल्या दिवशी अपूर्णांकापासून सुरुवात केली आणि कोणीही हसलं नाही. दहावी झाली, मग आयटीआय. नववीच्या पोराला दाखला हातात देणाऱ्यांनी एकदा रात्रशाळेत येऊन बसावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अंगणवाडी सेविका, सोलापूर जिल्हा

आमच्याकडे मुलीची शाळा सुटली की सहा महिन्यांत तिचं लग्न ठरतं. बऱ्याचदा उलटंही असतं, लग्न ठरलेलं असतं म्हणून शाळा सुटते. ऊसतोडीला जोडी असली की कोयता पुरा होतो, हा हिशोब त्यामागे असतो. नववीतली एक मुलगी तीन दिवस आली नाही म्हणून वर्गशिक्षिकेने मला कळवलं. घरी गेले तर मांडवाचं सामान उतरत होतं. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच, त्यांना उठवलं, 1098 या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन केला. लग्न थांबलं. पण थांबवून भागत नाही. घरी ठेवली असती तर पुढच्या तिथीला उरकलं असतं. तिला मामाच्या गावी वसतिगृहात घालेपर्यंत आम्ही दोघी मागे लागलो. आज ती बारावीला आहे. शिक्षिकेने चौथ्या दिवसाची वाट बघितली असती तर मला अक्षता टाकायलाच बोलावणं आलं असतं.

निवृत्त शिक्षिका, पालघर जिल्हा

कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती पाऊस तोंडावर आला की परततात. भट्टीवरच भरणाऱ्या भोंगाशाळा चालायच्या तेव्हा मी तिथे शिकवलं आहे. मुलं शाळेच्या इमारतीला घाबरायची. त्यांच्या बोलीवर बाकीची मुलं हसत आणि काही शिक्षकही. मी पहिला महिना त्यांच्या बोलीतच बोलले, चूक सुधारायला गेले नाही. मासे, खेकडे, रानभाज्या यांची नावं त्यांनी मला शिकवली आणि मी ती फळ्यावर लिहिली. आपला शब्द फळ्यावर बघून मूल दुसऱ्या दिवशी येतं.

धागाकर्ती

दोन गोष्टी नोंदवते, कारण निरोपांत बरेच जण हेच विचारत आहेत. दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सुटलेल्या मुलाला आठवीपर्यंत वयाप्रमाणे वर्गात घेऊन मागे राहिलेलं शिकवणं ही शाळेची जबाबदारी आहे. कायद्याचं छत्र साधारण 14 व्या वर्षी संपतं, आणि वरच्या अनुभवांत नववी पुन्हा पुन्हा येते आहे ती उगाच नाही.

वाचक, पुणे

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंची मुलगी दहावीत गणित आणि इंग्रजीत राहिली. तेव्हापासून आईबरोबर कामाला येते. शाळेने तर परीक्षा झाल्यावर संबंधच संपवला. आता काय करता येईल?

धागाकर्ती

दोनच विषय राहिले असतील तर एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर) अकरावीला प्रवेश मिळू शकतो, महाविद्यालयात लगेच चौकशी करा. पुरवणी परीक्षेचा अर्ज तिच्या शाळेतूनच भरायचा असतो, शाळेने संबंध संपवला असं म्हटलं तरी. पास झालेले विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. त्यापुढचं तिच्या आईशी बोलून ठरवा. सकाळच्या कामांतली दोन घरं मुलीच्या वाट्याची असतील तर तो पगार कुठून भरून निघेल हे आधी बघावं लागेल. गणित शिकवायला पुण्यात कोणी तयार असेल तर याच धाग्यावर हात वर करा.

वायरमन, मुंबई

गणितासाठी माझा पुण्यातला मित्र आहे, आमच्याच रात्रशाळेचा. रविवारी मोकळा असतो. निरोप पाठवतो.