मदत हवी आहे: 'त्यांच्या जागी असतो तर' हा उपक्रम कसा बदलू?

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात सातवीला शिकवते. दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात आणि त्यांची काही मुलं आमच्या वर्गात बसतात. गावातल्या मुलांना 'तुम्ही त्यांच्या जागी असता तर?' असं लिहायला दिलं. जवळपास सगळ्यांनी 'बिचारे' लिहिलं. शेतकऱ्यांचीच मुलं ही, पण उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) म्हणजे काय, नवरा-बायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून का मोजतात, कोपीत (त्यांच्या झोपडीत) पाणी कुठून येतं, यातलं काहीच त्यात नव्हतं. सगळी दयाच, तीही टीव्हीवरची.

२०१८ मध्ये एयाल, स्टेफेल आणि एपली या संशोधकांनी २५ प्रयोगांचा निष्कर्ष मांडला होता: दुसऱ्याच्या जागी आहोत अशी नुसती कल्पना करून त्याच्या मनातलं जास्त अचूक ओळखता येत नाही, थेट विचारलं तर येतं. मला ते पटतं.

पण विचारायचं कसं? टोळीतल्या मुलांना वर्गापुढे उभं करून प्रश्न विचारणं म्हणजे त्यांचं प्रदर्शन मांडणं. शिवाय पालक पहाटेच फडात जातात, मुकादमासमोर (टोळी आणणाऱ्या ठेकेदारासमोर) मोकळं बोलत नाहीत.

दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांना विचारावं असा काही उपक्रम कुणी केलाय का? (त्यांनाही बागायतदारांच्या पोरांबद्दल प्रश्न असतीलच की!) साखरशाळेत (ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या हंगामी शाळेत) काम केलेलं कुणी असेल तर सुरुवात कुठून करू तेवढं सांगा. पट्टा पडला (कारखान्याचा गाळप हंगाम संपला) की टोळ्या परत जातील, त्याआधी करायचंय.